सातबारा वाचण्यापासून सुरुवात

विदर्भातील ब्रह्मपुरीकडे धानाच्या बांध्या पाहून जमिनीत पैसा गुंतवू इच्छिणाऱ्या नवख्याने प्रथम सातबारा वाचायला शिकावे. गाव नमुना सातमध्ये हक्काची आणि बारामध्ये पिकांची नोंद असते, तर ‘भोगवटादार वर्ग २’ याचा अर्थ ती जमीन शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, असा होतो. विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे कडक निर्बंध आहेत, आणि ते योग्यच आहेत.

सर्वांत फसवी नोंद मात्र ‘झुडपी जंगल’ ही होय. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतील ही खुरट्या झुडपांची जमीन दिसायला पडीक वाटते, पण सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी ती वनजमीनच ठरवली, त्यामुळे स्वस्तात पुढे केलेला असा तुकडा कितीही मोह पाडो, तो टाळावा. त्यापेक्षा अकृषक, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी असलेला एकच लहान भूखंड निवडून, मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात धरून हद्दीचे दगड प्रत्यक्ष जुळवावेत, खरेदीनंतर फेरफार, म्हणजे मालकीबदलाची नोंद, पूर्ण करून घ्यावी आणि त्यासाठी कर्ज काढले असल्यास ते फिटल्यावरच दुसऱ्या भूखंडाकडे वळावे.