तारेचा सूर, तीनशे कोटी पट

गणेशोत्सवात लालबाग-परळच्या रस्त्यावर बेंजो पार्टी वाजू लागली की सूर कानांआधी छातीत उतरतो. पण त्याच बेंजोची वायर काढून घ्या आणि तो हातात घेऊन वाजवा. आवाज खोलीच्या दारापर्यंत जेमतेम पोचतो. १९१२ साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो हे वाद्य घडवलं. आपला बेंजो त्याचाच वंशज आणि मुळात घरात बसून वाजवायचा. इलेक्ट्रिक गिटारचंही तसंच, वायरीशिवाय ती जवळजवळ मुकी असते.

मग रस्ता दणाणून सोडणारी ताकद येते कुठून? भिंतीतल्या प्लगमधून. स्पीकरमधून येणारा आवाज म्हणजे विजेला तारेच्या थरथरीने दिलेला आकार. परळ-लालबागला ही वीज पोचली तीही एका विलक्षण वाटेने. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं, लोणावळ्याच्या तलावांत साठलेलं पाणी घाटाखाली उतरू लागलं आणि सह्याद्रीतला पाऊस गिरण्यांची यंत्रं फिरवू लागला. आज मुंबईची वीज इतर ठिकाणांहूनही येते, पण त्या पावसाचा वाटा तीत अजून आहे.

आकडे पाहिले की मी दर वेळी थक्क होतो. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार वर थरथरली की त्या वेढ्यांत साधारण एक दशांश व्होल्ट निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेला नियम तो हाच. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी दहा लाख ओहमचा अडथळा धरला, तर तारेकडून येणारी शक्ती एका वॉटचा दहा कोटीवा भाग भरते. तालमीच्या खोलीतला साधा अ‍ॅम्प ३० वॉट देतो. म्हणजे शक्ती तीनशे कोटी पट, आणि तरी वाजवणाऱ्याच्या बोटाची लकब जशीच्या तशी!

व्हॉल्व्हच्या जमान्यात हे काम तापलेल्या काचेच्या नळ्या करत. सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पमध्ये ते ट्रान्झिस्टरकडे आलं. ट्रान्झिस्टर धरणाच्या दरवाजासारखा असतो: दरवाजा हलवायला थोडं बळ लागतं, पण त्याच्या तालावर सुटतो तो मोठा लोंढा. जुन्या अ‍ॅम्पच्या पाठीमागे काळ्या पात्यांच्या हीट सिंकवर दोन धातूच्या टोप्या दिसतात. बहुतेकदा त्या २एन३०५५ जातीच्या असतात. साठच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या आरसीए कंपनीने आणलेला हा ट्रान्झिस्टर १५ अँपिअर पेलतो.

या जोडीत एक जण लहरीचा वरचा अर्धा भाग उचलतो, दुसरा खालचा. मात्र सिलिकॉन ट्रान्झिस्टर साधारण ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय जागाच होत नाही. त्यामुळे दोघांच्या हद्दीत एक फट राहते. जोरकस सूर ती ओलांडून जातात, हळुवार सूर नेमके तिच्यात पडतात आणि खरखरीत, फाटके येतात. उपाय म्हणून दोघांनाही सतत काही मिलिअँपिअर प्रवाह देऊन अर्धवट जागं ठेवतात. त्याला बायस म्हणतात. तापमान एका अंशाने वाढलं की ट्रान्झिस्टरला जागं व्हायला सुमारे २ मिलिव्होल्ट कमी लागतात. म्हणजे तापला की प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की आणखी तापतो, आणि शेवटी जळतो. म्हणून अनेक अ‍ॅम्पमध्ये बायस सांभाळणारा छोटा घटक हीट सिंकलाच चिकटवलेला असतो. दुरुस्तीनंतर तो लोंबकळत राहिला, तर नवी जोडीही गेली म्हणून समजा.

त्या टोप्यांखालचा अभ्रकाचा पापुद्रा तर मला या पेटीतला सर्वांत देखणा भाग वाटतो. मेकॅनिक त्याला मायका म्हणतात. टोपीच्या धातूत वीज खेळत असते. तिची उष्णता हीट सिंकमध्ये जायला हवी आणि वीज मात्र जाता कामा नये. खाणीतून निघणारं हे खनिज दोन्ही अटी पाळतं.

बंद पडलेला अ‍ॅम्प चांगला मेकॅनिक थेट प्लगला लावत नाही. तो सिरीज बोर्ड काढतो, म्हणजे अ‍ॅम्पच्या वाटेत १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब जोडतो. थंड असताना या बल्बचा अडथळा ४० ओहमच्या आसपास, पूर्ण पेटल्यावर ५०० च्या वर. अ‍ॅम्प धड असेल तर बल्ब क्षणभर चमकतो आणि मंदावतो. आत शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटून राहतो, सगळा भार स्वतःवर घेतो आणि बाकीचे भाग वाचतात. एलईडी बल्बला हे काम जमत नाही.

अ‍ॅम्प गुणगुणत असेल तर तो आपला रोग स्वतःच सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरमधून गेल्यावर तिचे १०० हर्ट्झचे हेलकावे होतात, आणि ते सपाट करतात मोठे कंडेन्सर. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पट्टीला ९८ हर्ट्झचा सूर लागतो. गुणगुण त्याच्या किंचित वर असेल तर कंडेन्सर सुकलेत. एक सप्तक खाली असेल तर अर्थिंग किंवा वायरिंग तपासावं. वादकाचा कान इथे मीटरच्या तोडीचं काम करतो.

कंडेन्सर बदलताना ८५ अंशांच्या जागी १०५ अंशांचे घ्यावेत. तापमान १० अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे तितक्याच तासांची हमी असलेला १०५ चा कंडेन्सर त्याच पेटीत चौपट टिकतो. अ‍ॅम्पच्या पुढच्या भागात जुना ४५५८ आयसी सॉकेटवर असेल तर त्याच पायांत टीएल०७२ बसतो आणि सुरांमागची फुसफुस बहुधा कमी होते.

पण आवाज वाढवायचा असेल तर आधी स्पीकर पाहा. एका वॉटला ९७ डेसिबल देणारा स्पीकरसुद्धा विजेचा तीनेक टक्के भागच ध्वनीत बदलतो. ३० वॉटमधून हवेत जातो जेमतेम एक वॉट, बाकी सगळी उष्णता. त्याच्या जागी ९४ डेसिबलचा असेल तर हवेत अर्धाच वॉट. म्हणून चांगला स्पीकर लावणं म्हणजे अ‍ॅम्पची शक्ती दुप्पट करणं, ट्रान्सफॉर्मरला हात न लावता.

हे सारं सामान ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला मिळतं. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण रेझिस्टर घ्यायला निघालेला माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. २एन३०५५ घेताना जपून, कारण नकलीही विकले जातात. आतली सिलिकॉनची चकती लहान असली तर भार पडताच ते मान टाकतात. भरवशाच्या दुकानातून एकाच खेपेची जोडी घ्या. आणि पेटी उघडण्याआधी प्लग काढा, कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामे करा. २३० व्होल्टच्या बाजूचं काम जाणत्या हातांनीच व्हावं.

तालमीच्या खोलीत धूळ खात पडलेला असा अ‍ॅम्प असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा सिरीज बोर्डवर लावून घ्या. आणि गणपतीची घाई सुरू होण्याआधी, आषाढातच दुरुस्तीला टाका. बदललेले ट्रान्झिस्टर दोन-तीन संध्याकाळ भरपूर वाजवून तपासायला तेवढा वेळ लागतोच.