राउटर घेताय? कट कुठून सुरू होतो ते आधी ठरवा!

फळीला खाच पाडायची असो, कडेला गोलाई द्यायची असो की दारावर नक्षी काढायची असो, राउटर हाताशी हवाच. पण दुकानात पहिलाच प्रश्न येतो: फिक्स्ड-बेस की प्लंज? उत्तर देण्याआधी या सात गोष्टी वाचा.

१. खरा फरक खोलीचा
फिक्स्ड-बेसमध्ये बिटची खोली आधीच पक्की करायची आणि मग बटण दाबायचं. प्लंजची मोटर स्प्रिंग घातलेल्या दोन दांड्यांवर वर-खाली सरकते. खटका सोडून दाब दिला की फिरतं बिट थेट फळीच्या मधोमध उतरतं.

२. प्लंज मूळचा जर्मन
जर्मनीच्या ‘एलू’ कंपनीने १९४९च्या सुमारास तो आणला. पुढे ही कंपनी ब्लॅक अँड डेकरकडे गेली.

३. ट्रिमर म्हणजे फिक्स्ड-बेसचा धाकटा भाऊ
सनमायकाच्या कडा साफ करणारा सुताराचा ट्रिमर त्याच पद्धतीवर चालतो. म्हणजे फिक्स्ड-बेस तुम्ही बहुधा पाहिलेला आहे!

४. १८ मिमीची खाच, तीन हातांत
प्लंजच्या तळावर कमी-जास्त उंचीच्या टप्प्यांची फिरती चकती असते. आधी ६, मग १२, शेवटी १८ मिमी. दर वेळी फक्त चकती फिरवायची. बिटवर ताण येत नाही आणि लाकूडही जळत नाही.

५. बुटका तो स्थिर
फिक्स्ड-बेसच्या मुठी लाकडालगत असतात, त्यामुळे कडेवर तो छान बसतो. प्लंजचं वजन वरच्या बाजूला असतं. अरुंद पट्टीवर तो कलंडू पाहतो.

६. टेबलाखाली फिक्स्डच बरा
राउटर टेबलाखाली उलटा बसवला की प्लंजच्या स्प्रिंगा उंची लावताना आड येतात. फिक्स्डमध्ये ती कटकट नाही.

७. वेग पाहून थक्क व्हाल
७५ मिमी व्यासाचं बिट मिनिटाला २४,००० फेऱ्यांनी फिरवलं, तर त्याची धार ताशी सुमारे ३४० किलोमीटरने धावेल! म्हणून मोठ्या बिटला वेग १०,००० च्या आसपासच ठेवा. त्यासाठी वेग कमी-जास्त करता येणारंच मशीन घ्या.

मग घ्यायचं कोणतं?
कट कडेपासून सुरू होणार असेल किंवा राउटर टेबलाला लावायचा असेल, तर फिक्स्ड-बेस. खाच फळीच्या मधूनच सुरू करायची असेल, तर प्लंज. एकच घेणं परवडत असेल तर प्लंज घ्या, कारण कडेची कामंही तो करतो. थोडे जास्त पैसे असतील तर एक मोटर आणि दोन बेस असा संच उत्तम.

आणि कोणताही घेतलात तरी बिट बदलण्याआधी प्लग काढा. चष्मा आणि मास्क लावल्याशिवाय मशीन सुरू करू नका.