गोळी पोचली का?

दुपारी तीनला प्रेझेंटेशन, आणि कंबर ठणकतेय! तुडुंब जेवलो, वर पेनकिलर घेतली. तासाभरात ढिम्म फरक नाही, म्हणून दुसरी गिळली. संध्याकाळी डॉक्टरांनी झापलंच. "अहो, पहिली जठरातच बसली असेल! तिचं कोटिंग आम्लाला दाद देत नाही, आतड्यातच विरघळतं. दोन्ही एकदम विरघळल्या तर?"

पण गोळी कुठंय, हे कळतं कसं? चक्क चुंबकानं! जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या वेर्नर वाइट्शीस यांच्या चमूनं माणसांवर हे करून पाहिलंय. गोळीत किंचित काळं आयर्न ऑक्साइड (हो, खाद्यरंगातलंच) घालून तिला चुंबक बनवायचं. बाहेर 'स्क्विड' सेन्सर, हृदयाचं चुंबकीय क्षेत्र टिपणारे. एक्स-रे नको, नळी नको. गोळी सरकते तशी तिची जागा कळते. विरघळू लागली की कण विस्कटतात आणि सिग्नल मावळतो. म्हणजे फुटली कुठे, तेही समजलं!

भरल्या पोटी अख्खी गोळी जठरात तासन् तास रेंगाळते. पोट रिकामं झालं की साफसफाईची लाट येते, तीच तिला पुढे ढकलते. मधेच चहा-सामोसा हाणलात? पुन्हा वेटिंग लिस्ट!

प्रेझेंटेशन? टेबलाला टेकून, दात-ओठ खात उरकलं. सामोसेही होते.