फौजी रायफलीचा भरवसा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोयाबीनला शेंगा धरल्या की अनसिंगच्या शिवारात रोही आणि रानडुकरांचे कळप उतरतात. रात्ररात्र जागल करून थकलेल्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात मग बंदुकीचा विषय निघतोच. ‘फौजेत असते तशी रायफल हाती आली तर काम होईल, ती कधी दगा देत नाही,’ असं पारावर सहज बोललं जातं. हत्याराची गाठ जिवाशी असते, म्हणून या समजुती तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज: परवाना मिळाला की अशी रायफल घेता येते.
वस्तुस्थिती: १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार फौजी धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफली सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. पीकरक्षणासाठी कायद्याने सांगितलेली बंदूक ठासणीची आहे. तिने भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, उदाहरणार्थ बारा बोअर, मंजूर होऊ शकते.

गैरसमज: चाप दाबून धरला की गोळ्यांचा पाऊस पडतो.
वस्तुस्थिती: अर्धस्वयंचलित रायफलीचा चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. रिकामं काडतूस बाहेर पडून पुढचं आपोआप नळीत चढतं, एवढाच फरक. जुन्या .३०३ रायफलीत हे काम दर फैरीनंतर हाताने बोल्ट ओढून करावं लागे. माजी सैनिक आणि पोलीस जिला ‘एसएलआर’ म्हणतात, ती इशापूरच्या कारखान्यात बनलेली, २० गोळ्यांच्या मॅगझिनची ७.६२ मिमी रायफल याच जातीची. १९६० च्या दशकापासून ती फौजेत होती. १९९० च्या दशकात ‘इन्सास’ आली आणि एसएलआर पुढेही पोलिसांच्या हाती दिसत राहिली.

गैरसमज: ती कधीच अडकत नाही.
वस्तुस्थिती: अडकते. गोळी सुटताना नळीतला थोडा वायू पिस्टनला मागे रेटतो आणि त्या जोरावर सगळी यंत्रणा चालते. वायूच्या वाटेत काजळी साचली की रेटा कमी पडतो आणि रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येऊन अडकतं. म्हणूनच या रायफलीला वायू कमीजास्त करण्याची कळ दिलेली आहे. वाळूत ती अडखळते हे दिसल्यावर ब्रिटिशांनी त्यांच्याकडच्या याच धाटणीच्या रायफलीत बोल्टच्या वाहकावर वाळू झटकणाऱ्या खाचा पाडल्या.

गैरसमज: अडकली म्हणजे रायफलच खराब.
वस्तुस्थिती: आधी मॅगझिन पाहावं. त्याचे ओठ वाकले किंवा स्प्रिंग सैल पडली, तर काडतूस नीट चढत नाही. दमट जागी ठेवलेली काडतुसंही दगा देतात. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावं, कारण बार उशिराही उडू शकतो.

गैरसमज: तेल लावून ठेवलं की वर्षभर बघायला नको.
वस्तुस्थिती: जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचा क्षार नळीत उरायचा. तो हवेतली ओल धरतो आणि नळी गंजते. हा क्षार तेलात विरघळत नाही, म्हणून जवान आधी नळीतून उकळतं पाणी ओतत, मग दोरीला बांधलेली चिंधी आरपार ओढत आणि शेवटी तेलाचा पातळ हात देत. तेलाचा जाड थर उलट धूळ धरून ठेवतो. बारा बोअर बाळगणाऱ्यानेही फैर झाडल्यावर आणि पावसाळ्यात अधूनमधून नळी पुसायलाच हवी.

गैरसमज: बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा.
वस्तुस्थिती: मुळीच नाही. रोही आणि रानडुक्कर या दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं संरक्षण आहे. पिकाच्या नासाडीसाठीसुद्धा मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

फौजेतली रायफल भरवशाची ठरली ती रोजच्या निगराणीमुळे आणि वापरणाऱ्याच्या तालमीमुळे. ही निगराणी घरच्या बंदुकीलाही तितकीच लागते. पिकाचं नुकसान झालंच, तर वेळ न दवडता वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. हक्काची भरपाई त्याच वाटेने मिळते.