गावची स्मशानभूमी: जबाबदारी कुणाची, पैसा कुठून येतो आणि सुधारणा कशी होते?

राजगुरुनगर : पाऊस सुरू झाला की खेड तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, वाडा-भोरगिरीकडं, एक प्रश्न हमखास निघतो. गावात मयत झाली तर न्यायची कुठं? स्मशानभूमी ओढ्यापलीकडं, ओढ्याला पाणी, शेडचा पत्रा उडालेला आणि लाकडं भिजलेली. मग कुणी ताडपत्री धरतं, कुणी डिझेलचा कॅन आणतं. चाकण-राजगुरुनगरच्या बाजूला अडचण वेगळी. तिथं वस्ती वाढत वाढत स्मशानाला येऊन भिडते आणि धुराचा विषय सुरू होतो. दोन्हीकडं शेवटी लोक म्हणतात, "कुणाला सांगायचं?"

तर आधी तेच बघू. गावात ही जबाबदारी ग्रामपंचायतीची आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या अनुसूचीत दहन-दफनभूमीची सोय आणि देखभाल हे ग्रामपंचायतीचं काम म्हणून दिलेलं आहे. राजगुरुनगर, चाकण आणि आळंदीत नगरपरिषदा आहेत. त्यांना १९६५ चा नगरपरिषद कायदा लागू होतो आणि त्यात मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा सांभाळणं हे बंधनकारक कर्तव्य आहे. म्हणजे "निधी आला तर बघू" असं म्हणायची मुभा नाही.

पैशाचं म्हणाल तर गावात दहनशेड, संरक्षक भिंत, स्मशानाचा रस्ता ही कामं बहुतेक करून जिल्हा वार्षिक योजनेतल्या 'जनसुविधा' निधीतून होतात. ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, प्रस्ताव पंचायत समितीतून जिल्हा परिषदेला जातो. पण खरी गोम पुढं आहे. हा निधी बांधायला मिळतो, सांभाळायला नाही. उद्घाटनाचा फलक लागतो आणि पाच वर्षांनी त्याच शेडचा पत्रा गंजून खाली येतो. देखभालीला ग्रामनिधीच लागतो, म्हणजे आपल्या घरपट्टीतून जमलेला पैसा. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात 'स्मशानभूमी देखभाल' अशी वेगळी ओळ आहे का, एवढं विचारलं तरी बरंच कळतं. औद्योगिक पट्ट्यातल्या गावांना कंपन्यांकडून कर मिळतो, शिवाय कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. चाकण परिसरातल्या गावांनी गावकमानीआधी स्मशानभूमीचा प्रस्ताव कंपनीकडं न्यायला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता सोय किती मोठी हवी? महाराष्ट्रात वर्षाला दर हजार लोकांमागं साधारण ६ मृत्यू होतात. ३ हजार वस्तीच्या गावात वर्षाला १८ अंत्यविधी धरा. ३० हजारांच्या शहरात १८०, म्हणजे दर दोन दिवसांनी एक. हा हिशेब न करता कुणी "आमच्या गावाला गॅस शवदाहिनी पाहिजे" म्हणालं, तर महिना-महिना बंद राहणारं यंत्र गावात येतं. ते चालवायला माणूस नाही, बर्नर जाम, सिलिंडर संपलेले. विद्युतदाहिनीचं तर आणखी अवघड. भट्टी तापायला काही तास लागतात, वीज गेली की सगळंच अडतं. रोज अंत्यविधी होतात तिथं ती परवडते. पुण्यात नवी पेठेतल्या वैकुंठ स्मशानभूमीत विद्युत आणि गॅस दाहिन्या आहेत, तरीही आजूबाजूच्या रहिवाशांच्या धुराच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू राहिल्या. यंत्र बसवलं म्हणजे धूर गेला असं होत नाही. धूर धुऊन काढणारी यंत्रणा आणि उंच धुराडं लागतं, आणि त्या यंत्रणेचीही निगा ठेवावी लागते.

म्हणून राजगुरुनगर किंवा चाकणसारख्या ठिकाणी एक गॅस दाहिनी आणि तिचा वापर आसपासच्या गावांनाही, हे गणित बसू शकतं. लहान गावाला मात्र सुधारलेलं सरणच बरं.

त्यात करायचं काय? साध्या सरणाला सुमारे ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं, ओलं असेल तर त्याहून जास्त. जमिनीवर रचलेल्या सरणाला खालून हवा मिळत नाही, त्यामुळं ते धुमसतं. तेच सरण जमिनीपासून उंच लोखंडी जाळीवर रचलं आणि बाजूला लोखंडी आडोसा असला, की हवा खालून खेळते, उष्णता बाहेर जात नाही, लाकूड बरंच कमी लागतं आणि धूरही कमी होतो. मुंबई महापालिकेनं काही स्मशानभूमींमध्ये लाकडाऐवजी शेतीच्या काडीकचऱ्याच्या विटा वापरायला घेतल्या. आपल्याकडं पाचट, तूस, भुसा याला तोटा नाही, पण विटा कोरड्या ठेवायची जागा हवी.

जागा म्हणजे लाकडाची खोली. शेडपेक्षा ती महत्त्वाची, आणि इस्टिमेटमधून सगळ्यात आधी तीच गळते. १८ अंत्यविधींना सहा-सात टन लाकूड लागतं. ते मे महिन्यात भरून ठेवलं तरच जुलैत कामाला येतं. नाहीतर टायर आणि डिझेल आहेच. टायरचा धूर अतिशय विषारी असतो आणि तो घेतात चितेजवळ उभी असलेली घरचीच माणसं.

शेडबद्दल एक गोष्ट ठेकेदार सांगत नाहीत. साधं सिमेंट काँक्रीट चितेच्या उष्णतेला टिकत नाही, तडकतं. ओट्याला भट्टीची वीट लावावी लागते आणि छत उंच घ्यावं लागतं. आठ-दहा फुटांवरचा पत्रा दोन-चार वर्षांत जळून जातो. पाण्याचा नळ, दिवा, बसायला जागा आणि बायकांसाठी स्वच्छतागृह हेही त्याच इस्टिमेटमध्ये घालून घ्यायचं, नंतर कुणी देत नाही.

नदीकाठी बांधकाम असेल तर पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा १०० वर्षांतला. चासकमानमधून विसर्ग वाढला की भीमेकाठचे घाट पाण्याखाली जायचे हे धरूनच चालावं. घाट नदीला असू द्या, पण दहनाचा ओटा आणि लाकडाची खोली वर हवी. राखेचं म्हणाल तर सावडल्यानंतर ती शेतात टाकून झाड लावायची पद्धत आता बऱ्याच गावांनी घेतली आहे. दशक्रियेला प्रवचन आणि पुढाऱ्यांची भाषणं तासभर चालतात, त्यात हा विषय निघाला तर वेळ सत्कारणी लागेल.

सगळ्यात जास्त भांडणं रस्त्यावरून होतात. वहिवाटीची पाऊलवाट असते, जमीन विकली जाते, नवा मालक तारेचं कुंपण घालतो. अशा वेळी मयत अडवून भांडण्यापेक्षा आधीच भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढून ठेवा. रस्ता नकाशावर असेल तर तहसीलदारांकडं बाजू भक्कम होते. स्मशानाला जागाच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी सरकारी जमीन त्यासाठी राखून ठेवू शकतात. ठरावासोबत गट नंबर द्या, नुसतं निवेदन फिरत राहतं.

आणि एक बोलायचंच. सार्वजनिक स्मशानभूमीत जातीवरून कुणाला अडवणं हा गुन्हा आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ मध्ये तसं आहेच. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला अडवलं तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो. "आमच्यात वेगळी जागा आहे" हे उत्तर कायद्यापुढं चालत नाही.

शेवटचं काम कागदाचं. स्मशानभूमीत नोंदवही हवी. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ नुसार दहन-दफनाच्या जागेची व्यवस्था बघणाऱ्यानंही मृत्यूची खबर द्यायची असते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली तर विलंब शुल्क लागत नाही. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर वर्षाच्या आत वरिष्ठ निबंधकांची लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. वारसनोंद, विमा, पेन्शन सगळं या दाखल्यावर अडतं. लक्षात ठेवा, नोंद मृत्यू झाला तिथं होते, अंत्यविधी झाला तिथं नाही. चाकणच्या दवाखान्यात माणूस गेला आणि अंत्यविधी वाड्याला झाला, तरी दाखला चाकणलाच मिळणार. बाहेरच्या राज्यातून आलेल्या कामगाराच्या घरच्यांना हे कुणी सांगत नाही. त्यांना मूळ गावी परतण्याआधी दाखल्याच्या दोन-चार प्रती काढून घ्यायला सांगा.