अमली पदार्थ नियंत्रणाचे शासकीय धोरण व त्याची परिणामकारकता : पुणे शहराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
पुणे हे विद्येचे माहेरघर म्हणून ओळखले जाते. राज्याच्या व देशाच्या कानाकोपऱ्यातून येथे शिक्षणासाठी येणारा तरुण वर्ग हे या शहराचे वैभव आहे. परंतु गेल्या काही वर्षांत हेच शहर अमली पदार्थांच्या संदर्भात वारंवार चर्चेत आले. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस ससून रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराबाहेर सुमारे पावणेदोन किलो मेफेड्रोन पकडण्यात आले. या प्रकरणातील मुख्य संशयित न्यायालयीन कोठडीत असून त्याच रुग्णालयात उपचारासाठी दाखल होता. २ ऑक्टोबर २०२३ रोजी तो तेथून पळून गेला. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शहरातील एका अटकेपासून सुरुवात करून विश्रांतवाडी, दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहत, सांगली जिल्हा व दिल्ली असा माग काढला आणि १,७०० किलोहून अधिक मेफेड्रोन जप्त केले. त्याची किंमत ३,५०० कोटी रुपयांहून अधिक सांगण्यात आली.

एवढा साठा जप्त होणे हे शासकीय धोरणाचे यश मानावे, की एवढा साठा तयार होईपर्यंत तो कोणाच्याही लक्षात येऊ नये हे अपयश मानावे, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे :
१) अमली पदार्थविषयक कायद्याचे स्वरूप व त्यातील बदल समजून घेणे.
२) धोरणाची परिणामकारकता मोजण्याच्या प्रचलित निकषांचे परीक्षण करणे.
३) धोरणातील उपचारविषयक तरतुदी व महाविद्यालयीन शिक्षकाची भूमिका स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो प्रामुख्याने दुय्यम साधनांवर आधारित आहे. आवश्यक तेथे लेखकाच्या अध्यापनातील अनुभवाचा आधार घेतला आहे.

कायद्याची वाटचाल :
‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ हा या धोरणाचा कणा होय. व्यवहारात तो एनडीपीएस कायदा या नावाने ओळखला जातो. त्यापूर्वी १८५७ व १८७८ चे अफूविषयक कायदे आणि १९३० चा घातक औषधी द्रव्यांचा कायदा अस्तित्वात होता. १९८५ च्या कायद्याने हे विखुरलेले कायदे एकत्र आणले व शिक्षा अत्यंत कडक केल्या. २००१ च्या दुरुस्तीने पदार्थाच्या प्रमाणानुसार शिक्षेची प्रतवारी आली. ‘अल्प प्रमाण’, ‘व्यापारी प्रमाण’ आणि या दोहोंमधील प्रमाण असे तीन स्तर निश्चित झाले. मेफेड्रोनच्या बाबतीत २ ग्रॅमपर्यंत अल्प, तर ५० ग्रॅमपासून व्यापारी प्रमाण मानले जाते. व्यापारी प्रमाणासाठी किमान १० वर्षे सश्रम कारावास असून जामीन मिळणेही कठीण असते.

२०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने अमली पदार्थविरोधी कृती दल स्थापन करण्याचा निर्णय घेतला. २०२५ मध्ये अमली पदार्थांचे गुन्हे मकोकाच्या कक्षेत आणणारे विधेयक राज्य विधिमंडळाने संमत केले. थोडक्यात, समस्या वाढली की कायदा अधिक कडक करावयाचा, ही धोरणाची सर्वसाधारण दिशा राहिली आहे.

पदार्थ बदलतो, बाजार टिकतो :
१९८० च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांपुढे ‘गर्द’ अर्थात ब्राऊन शुगरचे संकट उभे राहिले. डॉ. अनिल अवचट यांनी या विषयावर केलेल्या लेखनाने समाजाचे लक्ष त्याकडे वेधले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

गर्द हा अफूपासून तयार होणारा पदार्थ आहे. त्यासाठी शेत लागते, पीक लागते व ते दूरवरून आणावे लागते. मेफेड्रोन, म्हणजे बोलीभाषेतील ‘एमडी’ वा ‘म्याऊ म्याऊ’, हा मात्र पूर्णपणे रासायनिक पदार्थ आहे. त्याला शेत लागत नाही. कारखाना, रसायने व रसायनशास्त्राचे थोडे ज्ञान पुरते. विशेष म्हणजे फेब्रुवारी २०१५ पर्यंत मेफेड्रोनचा समावेश एनडीपीएस कायद्याच्या अनुसूचीत नव्हता. त्यामुळे तोपर्यंत या कायद्याखाली त्याच्या विक्रेत्यावर कारवाई करणे शक्य नव्हते. कायदा पदार्थांच्या यादीवर चालतो आणि बाजार यादीबाहेरील पदार्थाच्या शोधात असतो, ही या धोरणाची मूलभूत मर्यादा येथे दिसते.

यादीत समावेश झाल्यानंतरही उत्पादन थांबले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळील शिंदे गावातील मेफेड्रोनच्या कारखान्यावर छापा घातला आणि पुढे चारच महिन्यांत कुरकुंभचे प्रकरण उघडकीस आले. एका ठिकाणी दाब दिला असता फुगा दुसऱ्या ठिकाणी फुगतो, तसाच हा प्रकार होय. मागणी कायम असेल तर एक पुरवठादार तुरुंगात गेल्याने त्याची जागा रिकामी होते, पण व्यवसाय संपत नाही.

परिणामकारकतेचे माप कोणते?
धोरणाचे यश सांगताना जप्त साठ्याचे वजन, त्याची किंमत व दाखल गुन्ह्यांची संख्या हे तीन आकडे प्रामुख्याने दिले जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार या कायद्याखाली देशात २०१८ मध्ये सुमारे ६३ हजार, तर २०२२ मध्ये सुमारे १ लाख १५ हजार गुन्हे नोंदले गेले. या वाढीचे दोन परस्परविरोधी अर्थ संभवतात. पोलीस अधिक दक्ष झाले असा एक, आणि अमली पदार्थांचा प्रसार वाढला असा दुसरा. केवळ आकड्यावरून यांपैकी कोणता अर्थ खरा हे ठरविता येत नाही.

१,७०० किलो म्हणजे व्यापारी प्रमाणाच्या किमान मर्यादेच्या ३४ हजार पट साठा होतो. तो पकडणाऱ्या पोलिसांचे कौशल्य निर्विवाद आहे. तथापि, त्यानंतर किती तरुणांचे सेवन सुटले, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात नाही. ज्या मापाने रोग मोजता येत नाही, त्या मापाने औषधाचा गुण ठरविणे शास्त्रीय दृष्ट्या सदोष आहे.

उपचाराची उपेक्षित बाजू :
एनडीपीएस कायदा केवळ दंडात्मक आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः या कायद्याला उपचाराची दुसरी बाजूही आहे. कलम ३९ नुसार व्यसनाधीन दोषी व्यक्तीस शिक्षेऐवजी उपचारासाठी पाठविण्याचा अधिकार न्यायालयास आहे. कलम ७१ मध्ये शासनाने उपचार केंद्रे स्थापन करण्याची तरतूद आहे. कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने शासकीय वा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतल्यास तिला त्या गुन्ह्यापुरते खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र ते काढून घेता येते. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे.

येथे एक अनुभव नमूद करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याची उपस्थिती अचानक घटली. पालकांना बोलाविले असता वडिलांनी विभागाचे दार लोटून घेतले आणि मुलगा ‘पावडर’ घेतो, असे हलक्या आवाजात सांगितले. त्यांचा पुढचा प्रश्न होता, ‘‘सर, दवाखान्यात नेले तर पोलीस केस होईल का?’’ वर्गशिक्षक म्हणून लेखकाकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ‘‘चौकशी करून सांगतो’’ एवढेच बोलता आले. त्या विद्यार्थ्याने परीक्षा दिली नाही व पुन्हा तो महाविद्यालयात आला नाही. जे उत्तर त्या दिवशी देता आले नाही, ते कायद्याच्या पुस्तकात कलम ६४-अ या रूपाने होतेच.

हे अज्ञान एका व्यक्तीपुरते मर्यादित नसावे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार अवैध अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या दर २० व्यक्तींपैकी जेमतेम एकीला रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले होते. मद्यावर अवलंबून असलेल्यांत कोणत्याही प्रकारची मदत मिळालेल्यांचे प्रमाण ३८ जणांमागे एक एवढेच होते. धोरणाचा एक हात बळकट व दुसरा लुळा राहिला आहे, असेच यावरून म्हणावे लागते.

इतर देशांचा अनुभव :
पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःच्या वापरापुरते, म्हणजे सुमारे दहा दिवस पुरेल इतके, अमली पदार्थ बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले. विक्री गुन्हाच राहिली, परंतु सेवन करणाऱ्यास समुपदेशन समितीपुढे नेण्याची व्यवस्था झाली व उपचारांचा विस्तार करण्यात आला. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये अशीच सवलत दिली. पण उपचारसेवा वेळेवर उभ्या राहिल्या नाहीत, सार्वजनिक ठिकाणच्या सेवनाबद्दल असंतोष वाढला व सप्टेंबर २०२४ पासून बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले. यावरून केवळ कायदा सौम्य करणे हाही उपाय नव्हे, हे लक्षात येते. कायदा कडक असो वा सौम्य, त्यामागे उपचाराची भक्कम व्यवस्था नसेल तर तो फळ देत नाही.

निष्कर्ष व शिफारशी :
वरील विवेचनावरून असे दिसते की, साठे पकडणे व विक्रेत्यांना कायद्यापुढे आणणे या मर्यादित अर्थाने शासकीय धोरण परिणामकारक आहे. मात्र मागणी कमी करणे व व्यसनाधीन व्यक्तीला परत आणणे या व्यापक अर्थाने ते अपुरे पडले आहे. या दृष्टीने पुढील शिफारशी कराव्याशा वाटतात.

१) जप्तीच्या आकड्यांबरोबरच उपचार घेतलेल्या व उपचार पूर्ण केलेल्या व्यक्तींची जिल्हानिहाय आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध व्हावी.
२) औद्योगिक वसाहतींतील रासायनिक उत्पादनाची नियमित व संयुक्त तपासणी व्हावी.
३) प्रत्येक महाविद्यालयात शासनमान्य व्यसनमुक्ती केंद्रांची यादी, १४४४६ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक व कलम ६४-अ ची सोप्या मराठीतील माहिती दर्शनी भागात लावावी.
४) वर्गशिक्षकांसाठी या विषयावर वर्षातून किमान एक कार्यशाळा घ्यावी.

यांपैकी पहिल्या दोन बाबी शासनाच्या हाती आहेत. उरलेल्या दोन मात्र आपल्या हाती आहेत आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. विभागाचे दार लोटून एखादा पालक पुन्हा तोच प्रश्न विचारील, तेव्हा शिक्षकाला त्याचे उत्तर देता यावे, एवढी तयारी तरी प्रत्येक महाविद्यालयाने केली पाहिजे.