छातीकडे बघा, पिशवीकडे नको

संपादकांनी मला पाठवलं होतं व्हेंटिलेटरवर लिहायला. कोरोनाच्या काळात जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आलेली यंत्रं आता कशी चालतात, कोण चालवतं, एवढाच विषय होता. मी अतिदक्षता विभागात दोन रात्री काढल्या आणि माझं लक्ष व्हेंटिलेटरवरून उडून प्रत्येक खाटेच्या उशाशी हुकाला लटकणाऱ्या एका पिशवीवर खिळलं.

तिला सगळे अंबू म्हणतात. सोललेल्या नारळाहून थोडी मोठी, मऊ सिलिकॉनची. दाबली की हवा रुग्णाच्या घशातल्या नळीतून फुप्फुसात जाते, सोडली की आपली आपण फुगते. करामत आहे ती दोन झडपांची. पिशवी फुगताना मागची झडप उघडून ताजी हवा आत घेते. रुग्णाचा उच्छ्वास मात्र पुढच्या झडपेपाशी अडतो आणि पिशवीत न परतता बाजूनं बाहेर पडतो. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. ऑक्सिजन जोडला तर उत्तमच, पण तो नसला तरी खोलीतल्या हवेवर ती चालते. व्हेंटिलेटर अडला, वीज गेली, रुग्णाला सीटी स्कॅनला न्यायचं झालं, की सगळ्यांचा हात आधी तिच्याकडे जातो.

इथल्या इन्चार्ज सिस्टर ड्युटीवर आल्या की मागच्या पाळीकडून ओव्हर घेण्याआधी दहाही खाटांच्या अंबू तपासतात. तळव्यानं पिशवीचं तोंड घट्ट झाकायचं आणि दाबायचं. दबली नाही तर ठीक. सहज दबली तर कुठेतरी गळती आहे. एका अंबूची झडप त्यांनी माझ्यासमोर सोडवली. नखाएवढी पातळ रबरी चकती थुंकीनं चिकटून बसली होती. त्यांनी ती पिशवी बाजूला काढली, दुसरी लटकवली, आणि मगच पुढच्या खाटेकडे वळल्या.

या पिशवीचं मूळ कोपनहेगनमध्ये आहे, आणि खरं तर अतिदक्षता विभागाचंही. 1952 च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात रोज नवी मुलं येत होती आणि श्वासाला मदत करायला होतं एक आयर्न लंग आणि छातीवर बसवायची सहा यंत्रं. श्वास बंद पडत चाललेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. विषाणू मेंदूवर हल्ला करतो म्हणून हे मृत्यू होतात, असं डॉक्टर धरून चालले होते. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी सांगितलं, ही मुलं गुदमरून मरतायत. 27 ऑगस्टला त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवून घेतली आणि पिशवी हातानं दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग सुमारे 1,500 विद्यार्थी पाळ्या लावून मुलांच्या उशाशी बसले. एकेका वेळी सत्तर रुग्ण असायचे. विद्यार्थी एका हातानं पिशवी दाबत, मुलांना गोष्टी वाचून दाखवत. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात गंभीर रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो, त्याची ही सुरुवात. तेव्हाची पिशवी सिलिंडरच्या हवेशिवाय फुगत नसे. आपली आपण फुगणारी पिशवी 1956 मध्ये हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे यांनी आणली.

ही जुनी हकिगत मी वाचून गेलो होतो. पण दुसऱ्या रात्री जे पाहिलं त्यानं मी हललो.

आयसीयूच्या दाराबाहेर, वॉर्डातल्या पहिल्या खाटेवर एक तरुण होता. ओसरीत जमिनीवर झोपला असताना मण्यार चावली होती. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही, पुष्कळांना कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, थुंकी गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थांबतात. प्रतिविष देतात, पण विषानं नसांच्या टोकांचं जे नुकसान केलेलं असतं ते भरून यायला दिवस लागतात. तोवर दुसऱ्या कुणीतरी श्वास द्यायचा. दिला तर माणूस पूर्ण बरा होऊन शेतावर जातो. पोलिओच्या त्या मुलांसारखंच: फुप्फुसं चांगली, मेंदू जागा, फक्त भाता ओढणारा कुणी नाही.

दहाही खाटा भरलेल्या होत्या. मोठ्या शहरात रेफर करायचं तर तिथेही खाट मिळण्याची हमी नव्हती. तेव्हा त्याचा थोरला भाऊ अंबू मारत बसला होता. भीतीपोटी भराभर दाबत होता. सिस्टरनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“दादा, छातीकडे बघा, पिशवीकडे नको. छाती वर आली की सोडा. एक, दोन, तीन, चार… आता दाबा.”

जास्त हवा भरली तर छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे रक्त कमी परततं, रक्तदाब घसरतो. फुप्फुस फाटूही शकतं. हे त्या भावाला कुणी शिकवणार कधी? मिनिटाला बारा म्हणजे तासाला 720 आणि दिवसाला 17,280 श्वास. डुलकी लागली तर हिशेब संपला. कोपनहेगनमध्ये विद्यार्थ्यांनी केलेलं काम इथे ज्वारीच्या कणसांवर हात चालवणारा माणूस करत होता, कारण व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक नर्स हवी असं मानलं जातं आणि त्या रात्री दहा खाटांना दोघीच होत्या. यंत्रं आली. ती सांभाळणाऱ्या माणसांची पदं तेवढ्या हौसेनं कुणी भरली नाहीत, आणि याचा मला संताप येतो.

सिस्टर रुग्णाच्या कानाशी वाकल्या. “तुमचा भाऊच श्वास देतोय. ऐकू येतंय ना? पायाचा अंगठा हलवा.” मी चादर बाजूला केली. अंगठा किंचित हलला. भाऊ रडायला लागला, पण हात थांबला नाही. त्यानंतर तो त्याच्याशी बोलत राहिला, बैलाबद्दल, विहिरीच्या मोटारीबद्दल, घरच्या सगळ्यांबद्दल.

पहाटे साडेचारला आतून निरोप आला, चार नंबरची खाट रिकामी झाली. भावानं माझा हात धरून विचारलं, “खरंच मिळाली?” आत वॉर्डबॉय मामा सोडियम हायपोक्लोराइटनं खाट पुसत होते. चार नंबरच्या आजींची नातवंडं जिन्यात बसली होती, त्यांच्यापैकी एकीच्या हातात आजींचा चष्मा होता. सिस्टर हुकाला नवी अंबू लावत होत्या. तळव्यानं तोंड झाकून त्यांनी ती दाबून बघितली, आणि ट्रॉली आत घ्यायला सांगितली.